बारा तासांचा रस्सा, तीन मिनिटांच्या शेवया

चंदीगडला भर जानेवारीत पाऊस पडतो, हे ओजस्विनीला कुणीच सांगितलं नव्हतं.

थंडीचं सांगितलं होतं. त्यासाठी आईने कोल्हापुरातून दोन स्वेटर, एक शाल आणि एक कानटोपी बांधून दिली होती. कानटोपी अर्थातच बॅगेच्या तळाशी पडून होती. पण शनिवारी संध्याकाळी सेक्टर चौतीसमधला कोरियन भाषेचा क्लास सुटला, ती जिना उतरली आणि वरून गारेगार पाणी बारीक बारीक गळायला लागलं, तेव्हा तिला चक्क राग आला. हिवाळा तर हिवाळा, पाऊस तर पाऊस. एकाच वेळी दोन्ही म्हणजे काय!

रस्त्यावर कोचिंगच्या मुलांची पळापळ चालली होती. कुणी डोक्यावर फाइल धरलेली, कुणी चक्क गणिताचं पुस्तक. ती राहायची त्या लांबच्या एयरोसिटीचं नाव काढलं की ऑटोवाले तोंड फिरवत होते. ओजस्विनीने दोन मिनिटं वाट पाहिली आणि मग समोर जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात ती शिरली.

आत ऊब होती. भिंतीवर 'रामेन' अशी पाटी, लाकडी काउंटर, त्याच्यापुढे आठ उंच स्टुलं, मागे एक भलंमोठं पातेलं, आणि पातेल्यातून उठणाऱ्या वाफेत डोक्याला फडकं बांधलेला एक उंच तरुण. आणि वास... कसला बरं हा वास? रविवारी सकाळी आई कोंबडी शिजत टाकायची, तेव्हा घरभर पसरायचा तो. नेमका त्याच वेळी आईचा फोन आला.

"हां आई. नाही गं, फार नाही भिजलो. जेवायलाच आलोय... काय असणार? शेवया. त्या पाण्यातल्या शेवया असतात बघ, तसल्या."

कोल्हापूरच्या मुली आपल्या माणसांशी 'आलोय, गेलोय' असंच बोलतात. शाळेतल्या बाईंनी कितीही डोकं फोडून घेतलं तरी त्यात फरक पडत नाही.

"पाण्यातल्या नाहीत."

आवाज काउंटरपलीकडून आला होता. मराठीत!

"आई, ठेवतो मी," ओजस्विनी घाईने म्हणाली.

"पाण्यातल्या नाहीत," त्याने पुन्हा सांगितलं. हातातली पळी पातेल्यात फिरतच होती. "बारा तास उकळलेल्या रश्श्यातल्या आहेत. आणि शेवयाही नाहीत."

"तुम्ही मराठी?"

"आई-बाबा सातारचे. मी सगळीकडचा. बाबा फौजेत होते. पठाणकोट, जोधपूर, तेजपूर, शेवटी इथे चंडीमंदिर. घरात मराठी, घराबाहेर जे चालेल ते." तो जरा थांबला. "शार्दूल."

"ओजस्विनी. आयटी पार्कात असते." तिने ओले केस मागे सारले आणि स्टुलावर बसली. "मग एक रामेन द्या. कोरियन. झणझणीत. वर चीजची स्लाइस."

पुरणपोळीबरोबर टोमॅटो सॉस मागितल्यावर एखाद्या आजीचा होईल, तसा त्याचा चेहरा झाला. त्याने पळी खाली ठेवली. हा माणूस फक्त गंभीर बाबतीतच पळी खाली ठेवतो, हे तिला पुढे कळायचं होतं.

"कोरियन मिळत नाही जी. हे जपानी आहे."

"एकच की."

"एकच? तुम्ही पिठल्याला वरण म्हणाल का?"

"भूक लागली असेल तर म्हणीन."

त्याच्या ओठांचा एकच कोपरा हलला आणि तो झटकन पातेल्याकडे वळला. पण ओजस्विनीने पाहायचं ते पाहिलं होतं.

त्याने एका खोल वाडग्यात तळाशी काळपट काहीतरी ओतलं. तिला वाटलं, सोया सॉस असेल, रंगापुरता. त्यावर दुधासारखा पांढरा रस्सा, मग पिवळसर शेवया – म्हणजे ज्या शेवया नव्हत्या त्या – कोंबडीचे काप, कांद्याची पात आणि अर्धं कापलेलं अंडं. अंड्याचा बलक मधासारखा ओघळत होता.

"आवाज करून खा," तो म्हणाला. "सुर्र करून. जपानमध्ये चालतं."

"आमच्या आईसमोर केलं तर धपाटा मिळेल."

"आई कोल्हापूरला आहे ना?"

म्हणजे फोनवरच्या 'भिजलो, आलोय'वरून याने गाव ओळखलं होतं तर! ओजस्विनीने सुर्र केलं. पहिल्या घोटाला काही कळलं नाही. दुसऱ्याला जिभेवर काहीतरी उमलायला लागलं आणि तिसऱ्याला बाहेर पाऊस आहे हेच ती विसरली. पण असं तोंडावर कबूल करायला ती काय वेडी होती?

"बरंय," वाडगं रिकामं करून ती म्हणाली. "पण तिखट कुठंय?"

"प्रत्येक गोष्टीत तिखट नसतं."

"आमच्याकडे असतं," ती म्हणाली आणि निघाली. काच लावलेल्या दारातून तिने एकदाच मागे पाहिलं. तो रिकाम्या वाडग्याकडे बघत हसत होता.

पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता. ऑटोही रांगेत उभ्या होत्या. तरी ओजस्विनी त्याच दारात शिरली. पिशवीतून तिने पातळ पत्र्याचं, पिवळंधमक छोटं पातेलं काढलं आणि काउंटरवर ठण्णकन ठेवलं. शेजारी दोन लाल पाकिटं.

"हे काय?"

"कोरियन रामेन. आज मी करणार, तुम्ही खाणार. एक शेगडी द्या."

"माझ्या स्वयंपाकघरात... पाकीट?"

"घाबरलात?"

फौजीच्या मुलाला एवढं पुरे होतं. तो बाजूला सरकला.

पाणी उकळल्यावर तिने वळ्यावळ्यांच्या वाळक्या शेवया, लाल पूड, सुक्या भाजीचे तुकडे असं सगळं एकदम लोटून दिलं. मग दर थोड्या वेळाने ती काड्यांनी शेवया पाण्याबाहेर उंच उचलायची, वारा द्यायची आणि परत सोडायची.

"ही काय कसरत?"

"वारा लागला की लवचिक होतात. आमच्या क्लासच्या मॅडम सांगतात."

"या आधी तळून वाळवलेल्या असतात. आमच्या रोज ताज्या. पापडात घालतो ना आपण, तसला खार असतो त्यांच्या पिठात. म्हणून त्यांना पिवळा रंग आणि ताण येतो. आणि तुमच्या कोरियाला ही पाकिटांची युक्ती साठ-एक वर्षांपूर्वी जपानकडूनच..."

"झालं तुमचं भाषण? इकडे तीन मिनिटं होत आली." तिने अंडं काठावर आपटून थेट पातेल्यात सोडलं. "तुमचं अंडं रात्रभर सोया सॉसमध्ये लोळत पडतं. आमचं उडी मारतं."

त्याने वाडगं पुढे केलं. तिने मान हलवली, पातेल्याचं झाकण उलटं केलं आणि त्यात शेवया वाढल्या. कोरियात झाकणातच खातात. शार्दूलने ऐटीत मोठा घास घेतला. मग त्याचे कान लाल झाले, मग डोळे भरले, आणि मग... उचकी.

"दूध मागवू?" ओजस्विनीने अगदी काळजीने विचारलं.

"छान – हुक – आहे." तो डोळे पुसत म्हणाला. "पण हे पहिल्या घासातच सगळं सांगून टाकतं."

"मग? लपवायचं कशाला?"

त्यावर त्याला पुन्हा उचकी आली. ओजस्विनी इतकी हसली की पलीकडच्या स्टुलावरच्या दोन मुलीही हसायला लागल्या. निघताना ती म्हणाली, "पातेलं राहू दे इथेच. पुढच्या वेळी लागेल."

पुढची वेळ आली. त्याच्यापुढचीही आली. लोहडीच्या सणाच्या शेंगा-रेवड्या संपल्या, फेब्रुवारी लागला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही.

त्याची गोष्ट तिने तुकड्यातुकड्यांनी काढून घेतली. इंजिनियर म्हणून तो ओसाकाला गेला होता. कारखान्याशेजारच्या रामेनवाल्याकडे रोज जेवता जेवता नोकरी सुटली आणि तिथेच चिकटला. पहिलं वर्षभर नुसती भांडी घासली. दुसऱ्या वर्षी कांद्याची पात चिरली. पळी हातात मिळाली ती तिसऱ्या वर्षी.

"मग मला कधी मिळणार पळी?"

"आधी वर्षभर भांडी."

"एवढं थांबायला वेळ कुणाला आहे!"

तिची गोष्ट त्यामानाने छोटी होती. सात-आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी इकडे आली. एयरोसिटीतली खोली. ऑफिसातून आलं की खिडकीवरून विमानं अगदी जवळून जायची आणि प्रत्येक विमान आपल्याला सोडून घरी निघालंय असं वाटायचं.

"कोरियन पाकीट बरं," ती एकदा म्हणाली. "तीन मिनिटांत होतं, एका माणसापुरतं होतं. एकट्या माणसाने बारा तास कुणासाठी उकळायचं?"

त्या दिवशी शार्दूलच्या हातून तिच्या वाडग्यात कोंबडीचे काप जरा जास्तच पडले.

"तुझा हा रस्सा म्हणजे आमचा पांढरा रस्सा आहे बघ," तिने विषय बदलला. "आणि माझं पाकीट म्हणजे तांबडा."

"मग दोन्हींत खरा कुठला?"

"असं कुणी विचारत नाही आमच्यात. एकाच ताटात दोन वाट्या येतात. आधी पांढरा, मग तांबडा. एक नसला तर ताट परत पाठवतील लोक."

तो पळी हलवायची थांबवून तिच्याकडे बघत राहिला. तिनेही बघितलं. बघता बघता रस्सा उतू जायची वेळ आली.

आणि मग शुक्रवारी ती मेल आली.

दिवाळीत सुट्टी मिळाली नव्हती तेव्हा ओजस्विनीने रडून रडून पुण्याला बदली मागितली होती. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे दर शनिवार-रविवार घर. मागितली आणि ती विसरूनही गेली. आता ती मंजूर झाली होती. एक मार्चला पुण्यात हजर व्हायचं, होकार सोमवारी सकाळी दहापर्यंत कळवायचा. तिने मेल चार वेळा वाचली. आनंद काही होईना. पाचव्यांदा वाचताना तिच्या डोळ्यांसमोर पुणं नव्हतं, कोल्हापूर नव्हतं... डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस होता. आपण त्याच्या प्रेमात पडलोय, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं. तिला त्याच्याकडून फार काही नको होतं. बातमी ऐकून त्याने नुसतं 'अगं...' एवढं म्हटलं असतं, तरी ती थांबली असती.

शनिवारी तिने सांगितलं.

पळी थांबली. मग शार्दूल तोंडभरून हसला. इतका रुंद तो कधी हसत नसे.

"अरे वा! अभिनंदन! पुणे म्हणजे घराजवळच की." आणि त्याने तिच्या वाडग्यात एक अंडं जास्तीचं ठेवलं. "बदलीची पार्टी."

ते अंडं तिने काड्यांनी बाजूला सारलं. वाडगं अर्धं टाकून ती उठली.

"निघते मी. तुमच्याकडे गर्दी आहे," ती म्हणाली. दुकानात तिच्याशिवाय एकच म्हातारे सरदारजी बसले होते.

रविवारी सकाळी धुकं असं दाटलं होतं की चौकातला सिग्नल तांबडा की हिरवा ते जवळ गेल्यावरच कळत होतं. ओजस्विनी पातेलं परत घ्यायला आली होती. तेवढंच तिचं तिथे राहिलं होतं. होकाराची मेल फोनमध्ये लिहून तयार होती, फक्त बटण दाबायचं होतं. पातेलं घ्यायचं, बटण दाबायचं आणि संपलं.

शार्दूलचे डोळे तांबारलेले होते.

"माझं पातेलं द्या."

"देतो. पण..." तो घुटमळला. "धुक्यामुळे भाजीवाला आलाच नाही. ना पात आहे, ना अंडी. सव्वीस सेक्टरच्या मंडीत जाऊन येतो. अर्धा तास. तोवर..." आणि त्याने पळी तिच्यापुढे धरली. "ढवळत राहशील? खाली लागू देऊ नकोस. बाकी काही करू नकोस."

तिसऱ्या वर्षी मिळणारी पळी! ओजस्विनीने ती घेतली. नको नको म्हणता तिचं मन विरघळलं आणि त्याबद्दल तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तो गेला. ती ढवळत राहिली. आता कोल्हापूरची मुलगी रश्श्याशेजारी उभी आहे आणि तिने तो चाखला नाही, असं कसं होईल? तिने पळीभर रस्सा फुंकून तोंडात घेतला.

अळणी! ठार अळणी!

बिचारा मीठच विसरला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता, त्यात विसरला असणार. माझ्यामुळे तर नसेल? या विचाराने तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. पण आता बारा वाजता गिऱ्हाइकं येणार आणि बारा तासांची मेहनत अळणी जाणार. तिने मिठाची बरणी शोधली. एक मूठ घातली, ढवळलं, चाखलं. दुसरी. तिसरी. चौथ्या मुठीला रस्सा असा जमून आला की आईने पाठ थोपटली असती.

शार्दूल परतला तेव्हा त्याच्या मफलरवर धुक्याचे थेंब होते. सवयीने त्याने आधी रस्सा चाखला आणि तसाच उभा राहिला.

"मीठ?"

"विसरला होतास. घातलं मी. चार मुठी," ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

गिऱ्हाइकांच्या स्टुलावर तो कधी बसत नसे. आज बसला.

"विसरलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. हात लांबवून त्याने ती काळपट पाण्याची बरणी पुढे ओढली. "मीठ यात असतं. चव सगळी यात असते. रस्सा अळणीच ठेवायचा, हे वाडग्याच्या तळाशी घालायचं आणि वरून रस्सा. पाकिटात सगळं एकत्र असतं, इथे नसतं. हे पंधरा दिवस मुरवलंय."

"म्हणजे आता ते आणि हे एकत्र केलं तर..."

"समुद्र."

ओजस्विनीचे डोळे भरून आले. "ओरड ना माझ्यावर!"

"ओरडून काय होणार?"

"काहीतरी होईल! तू कधी काही बोलतच नाहीस. मी जाते म्हटलं, तर तू अंडं घातलंस!"

त्याने नुसती ती बरणी परत मागे सरकवली. झालं. आता इथे उभं राहण्यात अर्थ नव्हता. ती खाली वाकली आणि खालच्या फळीवरून तिने आपलं पातेलं ओढून काढलं.

पातेलं तिचंच होतं, पण पिवळं राहिलं नव्हतं. बूड पार करपलेलं, कडेला काळे ओघळ. जेमतेम तीन-चार वेळा वापरलेलं पातेलं असं कसं होईल? मागे तिला लाल पाकिटांची चळत दिसली आणि कोरियन तिखटाची नवी बरणी. पातेल्यात एक घडी केलेला कागद होता. पेन्सिलने लिहिलेलं, अक्षर शार्दूलचं.

'तीन मिनिटं – मऊ. अडीच मिनिटं – तिला असं आवडेल. तिखट पूर्ण – जमत नाही, उचक्या अकरा. तिखट अर्धं – उचक्या चार. तिखट पाऊण – उचकी एकच!'

"हे काय आहे?"

"सराव," शार्दूल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते आणि अजून कुणी तिखट खाल्लंही नव्हतं.

ओजस्विनीने बाहीने डोळे पुसले. ते करपलेलं पातेलं शेगडीवर ठेवलं, त्यात पाण्याऐवजी तो खारवलेला पांढरा रस्सा ओतला आणि उकळी आल्यावर एका पाकिटातल्या नुसत्या शेवया आत सोडल्या.

"तीन मिनिटं आहेत," ती म्हणाली. "शेवया शिजेपर्यंत. तळाशी जे काही ठेवलंयस ते वर काढ. नाहीतर बदलीला होकाराची मेल मी पाठवून टाकते."

तो उभा राहिला. तिने शेवया उचलल्या, वारा दिला, सोडल्या.

"एक मिनिट गेलं."

"आमच्या घरी..." तो कसाबसा म्हणाला, "बदली आली की रडायचं नसायचं. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी जायचंच. मित्र जायचे, शाळा जायची. आई सांगायची, निघणाऱ्यासमोर तोंड पाडायचं नाही. अभिनंदन म्हणायचं आणि ट्रंका चढवू लागायचं. बदलीला दुसरं काय म्हणतात, मला ठाऊकच नाही, यार."

ओजस्विनीने शेवया परत एकदा उचलल्या. "दोन मिनिटं."

"जाऊ नकोस."

रस्सा बुडबुडत होता. काचेबाहेर धुक्यात कुणाच्या तरी गाडीचे दिवे येऊन गेले.

"तुझं घर, तुझी आई, मला सगळं कळतं," तो आता भराभर बोलायला लागला. "तुला जायचंच असेल तर ट्रंक मीच चढवीन. पण मला विचारशील, तर जाऊ नकोस. मला तू आवडतेस. पक्का. तू शेवया म्हणालीस ना, त्याच दिवसापासून. काल तू गेल्यावर मी रस्सा ढवळत रात्रभर हेच म्हणत होतो. कालच तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं."

"काल म्हणाला असतास तर मीठ वाचलं असतं," ओजस्विनी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "मलाही तू आवडतोस, वेड्या. मी बदली मागितली ती एकटी होते म्हणून. आता कशाला जाऊ? मी राहतो इथंच."

"राहतो?"

"माझ्या माणसांशी मी असंच बोलतो."

त्यावर शार्दूल जे हसला, ते कालच्यासारखं रुंद नव्हतं. ओठांचा एकच कोपरा हलला आणि या वेळी तो पातेल्याकडे वळला नाही. त्याने हात पुढे करून तिच्या गालावर राहिलेलं पाणी अंगठ्याने पुसलं. शेवया अर्थातच मऊ झाल्या.

मग ओजस्विनीने कढईत तेल तापवलं, भरपूर लसूण परतला, त्यात ते कोरियन तिखट टाकलं आणि मिसळीवर असतो तसा लालभडक कट त्या पांढऱ्या रश्श्यावर सोडला. वर अंड्याने उडी मारली. तिने झाकणात घेतलं, त्याने वाडग्यात. दोघांनी एकदम सुर्र केलं. जपानी म्हणावं तर ते जपानी नव्हतं आणि कोरियन तर नव्हतंच. पण शार्दूलने वाडगं तोंडाला लावून तळापर्यंत संपवलं आणि थोडा वेळ थांबून वाट पाहिली. उचकी आली नाही.

दार ढकलून कोचिंगची तीन-चार मुलं हात चोळत आत आली. "भैया, आज क्या मिलेगा? बाहर तक खुशबू आ रही है!"

शार्दूलने ओजस्विनीकडे पाहिलं.

"आज दोनों," तीच म्हणाली. "पहले सफेद, फिर लाल."

दुपारी चारपर्यंत पातेल्याचा तळ दिसला. एक काकू तर दुसऱ्यांदा वाडगं भरून घेऊन वर नाव विचारून गेल्या. नाव अजून ठरायचं होतं. गर्दी ओसरल्यावर ओजस्विनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, होकाराची मेल पुसून टाकली, नकाराची लिहिली आणि पुन्हा न वाचता पाठवून दिली. मग तिने आईला फोन लावला.

"आई, मार्चमध्ये येत नाही मी. बदली नको म्हणून कळवलं."

"का गं ओजू? दिवाळीत केवढी रडत होतीस."

"तेव्हा एकटीच होतो."

"आणि आता?"

"आता..." ओजस्विनीने काउंटरपलीकडे पाहिलं. शार्दूल डाव्या हाताने उद्याचा रस्सा ढवळत होता आणि उजव्या हाताने तिचं करपलेलं पातेलं घासत होता. "आता इथं पांढरा रस्सा मिळायला लागलाय. तांबडापण."

"चंदीगडात? मीठ-बीठ बरोबर असतं का त्यांचं?"

"आज मी घातलं."

आई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "बरं. नाव काय?"

"रश्श्याचं?"

"करणाऱ्याचं गं."

ओजस्विनी लाजली. दुसऱ्याच क्षणी तिने फोन सरळ काउंटरपलीकडे धरला. "घे, तूच सांग," ती म्हणाली. "आणि लवकर सांग. आमच्या आईला बारा तास थांबायची सवय नाही."

शार्दूलने पळी खाली ठेवली, हात पुसले आणि फोन घेतला.